बर्फाच्या स्लरीची लाइन वारंवार तुंबते: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

लक्षणं

बर्फाची स्लरी म्हणजे बर्फाचे बारीक कण मिसळलेलं, सहसा खारं पाणी; गारवा पोहोचवायला ते टाकीतून पंपाने पाइपांत फिरवतात. तुंबलेली स्लरी-लाइन बहुतेक ठिकाणी इन्सुलेशन सोलून, पाइपावर गरम पाणी ओतून मोकळी केली जाते आणि काम पुढे सुरू होतं. थोड्याच दिवसांत तीच लाइन पुन्हा बसते. तुमच्याकडे असं होत असेल आणि खालच्यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील, तर हे टिपण तुमच्यासाठी आहे.

- पंप सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं सगळं ठीक चालतं, मग रिटर्नची, म्हणजे टाकीकडे परत येणाऱ्या पाइपाची, धार बारीक होत जाते.
- पंपाच्या पुढचा दाब चढतो, पण सेंट्रिफ्यूगल (फिरत्या चक्राने पाणी फेकणाऱ्या) पंपाचे अँपिअर उतरतात. (हे पाहून बरेच जण गोंधळतात. प्रवाह घटला की सेंट्रिफ्यूगल पंपाला काम कमी पडतं, म्हणून करंट कमी होतो. स्क्रू किंवा पिस्टनच्या जातीचा पंप असेल तर उलट: दाब आणि करंट दोन्ही चढतात.)
- रिटर्नला बराच वेळ नुसतं थंड पाणी येतं, मग एकदम बर्फाचा दाट गोळा येतो, पुन्हा पाणी.
- भर लोडला, म्हणजे गारव्याची मागणी पूर्ण असताना, काही होत नाही. लोड कमी झाला, व्हॉल्व्ह आवळले गेले, की तासाभरात लाइन बसते.
- दाबाच्या गेजचा काटा पंप बंद केला तरी जागचा हलत नाही. अशा वेळी गेजची बारीक नळीच बर्फाने भरलेली असते. त्या गेजवर विश्वास ठेवून पुढचं काहीही ठरवू नका.

तुंबतं ते कशामुळे

हे समजून न घेता तपासायला लागलात तर पाइप तोडण्यापासून सुरुवात कराल, म्हणून थोडं थांबतो.

बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो. साधारण ३ टक्के मिठाच्या पाण्याची १,०२० च्या आसपास. म्हणजे बर्फाचा प्रत्येक कण सतत वर जायला बघत असतो, आणि आडव्या पाइपात त्याला पाण्यात मिसळून ठेवते ती फक्त प्रवाहातली खळबळ. वेग कमी झाला की कण पाइपाच्या वरच्या अंगाला गोळा होतात. आधी तो थर पुढे सरकत असतो. वेग आणखी कमी झाला की थर थांबतो आणि पाण्याला वाट उरते ती खालून. वाट अरुंद झाली, अडथळा वाढला. अडथळा वाढला की सेंट्रिफ्यूगल पंपाचा प्रवाह घटतो. प्रवाह घटला की आणखी बर्फ वर जाऊन बसतो. हे चक्र एकदा सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. थांबलेल्या बर्फातून पाणी मात्र झिरपत पुढे जातच राहतं. मागून आलेला बर्फ त्यावर येऊन थबकतो, त्याच्यातलंही पाणी निघून जातं, आणि जे उरतं तो कोरडा, दाबून बसलेला बर्फ असतो. पाइपात खरं बूच होतं ते याचं. नुसता दाट बर्फ म्हणजे बूच नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या पाइपलाइन आतून साफ करायला ब्रिस्टल विद्यापीठात विकसित झालेल्या एका पद्धतीत आपण चालवतो त्यापेक्षा कितीतरी दाट बर्फाचा लगदा मुद्दाम पाइपातून ढकलतात. तो वळणांतून, अरुंद जागांतून व्यवस्थित जातो, कारण त्यातलं पाणी त्याच्यासोबतच पुढे सरकतं. म्हणून स्लरीच्या लाइनवर काहीही तपासताना एकच प्रश्न मनात ठेवायचा: बर्फ आणि पाणी एकमेकांपासून नक्की कुठे वेगळे होताहेत?

यातूनच लाइन मोकळी करण्याचा पहिला नियम निघतो. बूच बसल्यावर पंपाचा दाब वाढवायचा नाही. दाब वाढवला की उरलंसुरलं पाणीही पिळून निघतं आणि बूच आणखी घट्ट होतं.

लाइन आत्ता तुंबलेली असेल तर

पंप बंद करा. बुचाच्या मागच्या बाजूचा दाब ड्रेनमधून हळूहळू शून्यावर आणा. हे टाळू नका. मागे दाब अडकलेला असताना बूच सुटलं तर ते गोळीसारखं सुटतं आणि पुढच्या एल्बोवर किंवा व्हॉल्व्हवर आदळतं. थंड पीव्हीसी ठिसूळ झालेला असतो. तो अशा वेळी तडकतो.

बूच कुठे आहे ते शोधायला पाइपाच्या धातूच्या भागांवर, फ्लेंजवर, व्हॉल्व्हच्या बॉडीवर तापमान मोजत जा. बुचाच्या पुढचा भाग हळूहळू गरम व्हायला लागतो, मागचा थंड राहतो. मग जमलं तर पुढच्या बाजूने, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, बर्फ नसलेलं कोमट मिठाचं पाणी सोडा. उलट दिशेने आलेलं पाणी बूच सैल करतं आणि त्याच्यात शिरतं. बाहेरून गरम करायचं झालं तर साधारण ४० अंशांचं पाणी आणि फडकी, आणि सुरुवात बुचाच्या मोकळ्या टोकाकडून, मधूनच नाही. पेटता टॉर्च कधीही नको: पाइप प्लास्टिकचा असेल तर तो जाईल, आणि स्लरीत अल्कोहोल असेल तर आग लागेल.

बूच सुटताना बाहेर आलेला बर्फ फेकून देऊ नका. तो एका ताटात घ्या. पहिली तपासणी त्याचीच.

१. बर्फ कसा दिसतो ते बघा

या तपासणीला खर्च नाही आणि बहुतेक वेळा अर्धं उत्तर इथेच मिळतं. निरोगी स्लरीतले कण मिलिमीटरच्याही आत असतात. हातात घेतलं तर ओल्या साखरेसारखे लागतात. बुचातला बर्फ तसाच बारीक पण घट्ट दाबलेला असेल, तर कण चांगले आहेत आणि दोष वेगाचा किंवा बर्फाच्या प्रमाणाचा आहे.

सुपारीएवढे, मुठीएवढे गोळे निघाले, आणि ते फोडल्यावर आत बारीक कण एकमेकांना चिकटलेले दिसले, तर ते टाकीत तयार झालेत. टाकी ढवळली जात नाहीये.

चपटे, धारदार पापुद्रे निघाले तर ते बर्फ बनवणाऱ्या जनरेटरच्या पृष्ठभागावरून आलेत. तिथलं खरवडणारं पातं झिजलंय किंवा सुटलंय. पाइपाशी खेळण्यात अर्थ नाही. थेट शेवटच्या भागाकडे जा.

आणि बर्फाचे तुकडे एका बाजूने पाइपाच्या गोलाईत वळलेले, कवचासारखे, आरपार दिसणारे असतील, तर बर्फ पाइपाच्या भिंतीवर आतून जमतोय. म्हणजे पाइपाचा तो भाग स्लरीपेक्षा थंड जागेतून जातोय. याचं पुढे सांगतो.

मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, बाजूला मोजपट्टी ठेवून. बर्फ वितळल्यावर पुरावा राहत नाही.

२. वाटेत काय काय आडवं आहे

लाइनवर फिरा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना ते हाताने बघा. पाण्याच्या लाइनवर अर्धा उघडा व्हॉल्व्ह चालतो. स्लरीच्या लाइनवर तो गाळणीचं काम करतो: पाणी पुढे, बर्फ मागे. बटरफ्लाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी त्याची तबकडी मध्ये उभी असते. छोट्या पाइपात तेवढंही पुरतं. फुल बोअर (आतली वाट पाइपाएवढीच असलेला) बॉल व्हॉल्व्ह सगळ्यात बरा.

बारीक जाळीचा स्ट्रेनर कुणी बसवला असेल तर तो काढा. पंप वाचवायला स्ट्रेनर हवाच असेल तर जाळी मोठ्या भोकांची हवी आणि तो अशा जागी हवा जिथे बर्फ येत नाही, उदाहरणार्थ नव्या पाण्याच्या भरणीवर. फिरत्या पंख्याचं फ्लो मीटर असेल तर तेही काढा.

मोटर दुरुस्तीला जाऊन आली असेल तर पंप कोणत्या दिशेने फिरतोय ते बघा. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतोच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त लाइन वारंवार बसायला लागते.

३. बंद करताना काय होतं

रोज सकाळी सुरू करतानाच लाइन बसत असेल तर उत्तर रात्रीत आहे. पाइपात स्लरी तशीच ठेवून पंप बंद केला, तर काही मिनिटांत बर्फ वर येतो आणि काही तासांत कण एकमेकांना चिकटून एक लांब दांडा तयार होतो. सकाळी पंप तो दांडा पहिल्या वळणावर नेऊन दाबतो.

उपाय फुकट आहे. बंद करण्याआधी टाकीच्या तळातून बर्फ नसलेलं पाणी घेऊन लाइन धुवायची, रिटर्नला स्वच्छ पाणी दिसेपर्यंत. तशी वाट नसेल तर बर्फ बनवणं आधी बंद करून लाइनमधला बर्फ वितळेपर्यंत पंप चालू ठेवायचा. अचानक वीज जाण्यावर इलाज एवढाच, की परत आल्यावर लगेच पूर्ण वेगाने पंप सुरू न करता आधी ड्रेनमधून थोडं सोडून बघायचं.

४. मीठ मोजा

वारंवार तुंबणाऱ्या लाइनचं कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा इथे सापडलंय, आणि सगळ्यात कमी वेळा लोक इथे बघतात. म्हणून जरा सविस्तर.

मिठाचं पाणी गोठतं तेव्हा बर्फ होतो तो फक्त पाण्याचा. मीठ उरलेल्या पाण्यात राहतं, ते पाणी अधिक खारं होत जातं, आणि त्याचा गोठणबिंदू खाली सरकत जातो. ३ टक्के मिठाचं पाणी उणे १.८ अंशाला गोठायला लागतं, ४ टक्के उणे २.४ ला, ५ टक्के उणे ३.०५ ला. आता समजा तुमचं मूळ पाणी ३ टक्क्यांचं आहे आणि टाकी उणे २.४ वर सेट केलीय. त्या तापमानाला उरलेलं पाणी ४ टक्क्यांचं असणार. तेच मीठ आता तीन चतुर्थांश पाण्यात मावलंय. म्हणजे २५ टक्के बर्फ झाला. बरोबर हवा तेवढा.

आता काहीतरी होऊन मूळ पाणी पातळ झालं, २.५ टक्क्यांवर आलं. सेटिंग तेच, उणे २.४. हिशोब तोच लावा: अडीच भागिले चार, म्हणजे साडेबासष्ट टक्के पाणी उरलं आणि साडेसदतीस टक्के बर्फ झाला. कुणी काही बदललं नाही, कंट्रोल पॅनेलवर आकडा जसाच्या तसा, आणि पाइपात दीडपट बर्फ. लाइन बसणारच.

मीठ पातळ होतं कसं? पंपाच्या सीलमधून गळतं आणि फ्लोट व्हॉल्व्ह साधं पाणी भरत राहतो. माल थेट स्लरीत बुडवत असाल तर प्रत्येक वेळी मालाबरोबर खारं पाणी बाहेर जातं. आणि एक कारण असं की ते गळतीशिवायही चालू असतं: बर्फ झाला की आकारमान वाढतं. २५ टक्के बर्फाला हजार लिटरमागे साधारण २० लिटर. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर तेवढं खारं पाणी ओव्हरफ्लोतून जातं. बर्फ वितळला की पातळी खाली येते, फ्लोट व्हॉल्व्ह उघडतो, साधं पाणी येतं. बर्फ करण्याच्या प्रत्येक फेरीला थोडं मीठ कमी. यासाठी फ्लोटची पातळी खाली घ्या, किंवा भरणी हाताने करा आणि तीही बर्फ नसताना.

मोजताना एक काळजी. नमुना पूर्ण वितळवून, ढवळून, साधारण २० अंशांवर आणून मगच रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून मिठाचं प्रमाण दाखवणारं उपकरण) थेंब टाका. बर्फ बाजूला ठेवून नुसतं पाणी मोजलंत तर ते ४ टक्के दाखवेल आणि तुम्हाला वाटेल मीठ जास्तच आहे. रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर हायड्रोमीटर (पाण्यात तरंगून घनता दाखवणारी नळी) चालतो: २० अंशांना ३ टक्क्यांची घनता सुमारे १.०२०, ४ टक्क्यांची १.०२७. नमुना टाकी नीट ढवळली जात असताना घ्या. नाहीतर वर बर्फ जास्त आणि खाली खारं पाणी जास्त असं असतं आणि नमुना काहीही सांगतो.

ग्लायकॉल किंवा अल्कोहोल वापरत असाल तर तत्त्व हेच, आकडे वेगळे. ते उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या आणि रिफ्रॅक्टोमीटरही त्याच द्रवाच्या पट्टीचा घ्या.

काहीही न घालता नुसत्या पाण्याची स्लरी फिरवायचा विचार कुणी मांडला तर नको म्हणा. नुसत्या पाण्यातले स्फटिक भराभर एकमेकांना आणि धातूला चिकटतात. थंड देशांत नदीचं पाणी शून्याखाली अंशाच्या काही शतांशांनी जरी गेलं तरी त्यात तयार होणारे बारीक स्फटिक जलविद्युत केंद्रांच्या जाळ्यांना चिकटून पाणी घेणंच बंद पाडतात. थोडं मीठ किंवा ग्लायकॉल असलं की कण लहान आणि गोलसर राहतात.

५. थर्मामीटर खरं बोलतंय का

वरच्या हिशोबात ० टक्के बर्फ आणि २५ टक्के बर्फ यांच्यात अंतर किती? ०.६ अंश. अर्ध्या अंशाने चुकणारा सेन्सर तुम्हाला काहीही सांगू शकतो. म्हणून थर्मासमध्ये शुद्ध पाण्याचा चुरलेला बर्फ आणि त्यात मावेल तेवढंच साधं पाणी घालून ढवळा, सेन्सर त्यात पाच मिनिटं ठेवा. ०.० दाखवायला हवं. ०.२ चा फरक असेल तर तो पॅनेलमध्ये दुरुस्त करून घ्या. सेन्सर पाइपाच्या खिशात सैल बसलेला असेल तर तो बाहेरच्या हवेचं थोडं तापमान उचलतो, खरं आहे त्यापेक्षा गरम दाखवतो, आणि पॅनेल आणखी बर्फ करायला लावतं.

६. बर्फ प्रत्यक्ष किती आहे: डब्याची चाचणी

मीठ आणि तापमान दोन्ही बरोबर वाटत असतील तरी एकदा हे करून बघा, कारण ही चाचणी कुठल्याही पॅनेलवर अवलंबून नाही. पंपाच्या पुढच्या नमुन्याच्या कॉकमधून, कॉक पूर्ण उघडून, १ किलो स्लरी झाकणाच्या थर्मासडब्यात घ्या. लगेच त्यात बरोबर ४० अंशांचं १ किलो पाणी घाला, बर्फ दिसेनासा होईपर्यंत ढवळा, तापमान वाचा.

१ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, त्यामुळे अंतिम तापमान बर्फाचं प्रमाण सांगतं. १५ टक्के बर्फ असेल तर मिश्रण १३ अंशांच्या आसपास येतं, २५ टक्क्यांना ९, ३५ टक्क्यांना ५. म्हणजे दर ५ टक्क्यांना साधारण २ अंश. डबा स्वतः थोडी उष्णता घेतो, म्हणून आधी तो गार करून घ्या आणि दर वेळी तोच डबा वापरा.

साध्या सेंट्रिफ्यूगल पंपावर मी २० ते २५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. १५ टक्क्यांच्या पुढे स्लरी पाण्यासारखी वागणं हळूहळू सोडते, आणि ३० च्या पुढे तिला ढकलायला वेगळ्या जातीचा पंप लागतो. एवढा बर्फ हवाच असेल तर ती व्यवस्था मुळातून तशी आखलेली असावी लागते. टाकीत जास्त बर्फ साठवायला हरकत नाही. पंपाकडे जाताना पाणी मिसळून तो पातळ करा.

७. वेग

आडव्या पाइपात वेग सेकंदाला ०.५ मीटरच्या खाली गेला की बर्फ वर जमायला लागतो. मी किमान १ मीटर धरून चालतो. फ्लो मीटर नसेल तर रिटर्नची धार बादलीत धरा. आतून ५० मिलिमीटरच्या पाइपात १ मीटर वेग म्हणजे मिनिटाला सुमारे ११८ लिटर: २० लिटरची बादली १० सेकंदांत भरायला हवी. २५ मिलिमीटरच्या पाइपाला मिनिटाला २९ लिटर, तीच बादली ४० सेकंदांत. बर्फ कमी असताना मोजा आणि मग पूर्ण बर्फ असताना. दोन्हींत मोठा फरक दिसला तर पंप कमी पडतोय.

तुंबणाऱ्या लाइनवर मोठा पाइप टाकायचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. ५० च्या जागी ६५ मिलिमीटरचा टाकला आणि पंप तोच राहिला तर वेग साधारण ६० टक्क्यांवर येतो आणि बर्फाला वर जायला आणखी सवड मिळते.

कमी लोडला तुंबण्याचं कारणही हेच. २० टक्के बर्फाची स्लरी वितळताना किलोमागे ६७ किलोज्यूल घेते. ६ अंशांनी तापणारं थंड पाणी घेतं २५. थोडीच स्लरी पुरते म्हणून लोक व्हॉल्व्ह आवळतात किंवा पंपाची गती उतरवतात. मुख्य लाइनचा वेग कधीच कमी करायचा नाही. लोड कमी असेल तर टाकीकडे परत नेणाऱ्या बायपासमधून जास्तीची स्लरी फिरू द्या, किंवा बर्फाचं प्रमाण कमी करा. गतीच्या ड्राइव्हवर किमान मर्यादा घालून कुलूप लावा.

८. टाकी

ढवळणी बंद करून, स्विचला कुलूप आणि पाटी लावून, मगच आत बघा. वर बर्फाची टोपी धरलीय का, काठी आत जाते का, कोपऱ्यांत घट्ट ढीग आहेत का. ढवळणी फिरत असेल पण तिच्याभोवतीच खड्डा होऊन बाकी बर्फ स्थिर असेल तर ती तिथे पुरेशी नाही.

ताजी आणि जुनी स्लरी वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत घेऊन शेजारी ठेवा आणि तळाशी स्वच्छ पाणी किती लवकर सुटतं ते बघा. बर्फ साठवून ठेवला की लहान कण विरघळतात आणि मोठे आणखी मोठे होतात. मोठे कण झपकन वर जातात. जुन्या बरणीत पाणी ताज्यापेक्षा फारच लवकर सुटत असेल तर बर्फ टाकीत गरजेपेक्षा जास्त वेळ राहतोय. उशिरा बनवायला सुरुवात करा.

रिटर्न पाण्यात वरून धबाधबा पडत असेल तर तो पातळीखाली न्या. हवेचे बुडबुडे बर्फाला चिकटले की तो आणखी हलका होतो.

९. पाइपाची मांडणी

इथून पुढे कापाकापी येते, म्हणून वरचं सगळं झाल्यावरच. एकाच जागी वारंवार बूच बसत असेल तर त्या जागेच्या आधीच्या दोन-तीन मीटरांत कारण शोधा.

आडव्या लाइनवरून वरच्या अंगाने काढलेली शाखा बर्फ ओढून घेते, खालून काढलेली जवळपास नुसतं पाणी. शाखा बाजूने काढा, शक्य असेल तर उभ्या पाइपातून. वर तोंड करून बंद ठेवलेले टी बर्फाने भरतात आणि अधूनमधून गोळा सोडतात. ते कापून टाका. आडव्या लाइनवरचा रिड्यूसर (मोठा पाइप लहान पाइपाला जोडणारा तुकडा) सपाट बाजू वर असलेला हवा, नाहीतर वरच्या कोपऱ्यात बर्फ बसतो. एल्बो लांब वळणाचे. सर्वांत उंच जागी हवा सोडायचा व्हॉल्व्ह.

आणि ते कवचासारखे तुकडे निघाले असतील तर पाइप कुठल्या खोलीतून जातो ते बघा. उणे १८ अंशांच्या खोलीतून जाणारा पाइप कितीही इन्सुलेशन लावलं तरी प्रवाह मंदावला की आतून गोठायला लागतो. मार्ग बदलणं हाच कायमचा उपाय. तोवर पाइपावर हीटिंग केबल.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

अमोनियाचा किंचितही वास आला तर वरचं सगळं विसरा, सगळ्यांना बाहेर काढा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला जा आणि रेफ्रिजरेशनच्या माणसांना आणि अग्निशमन दलाला कळवा. अमोनियाच्या प्लांटमध्ये स्लरीच्या पाण्याचा पीएच पट्टीवर अचानक चढलेला दिसला तरी तेच समजा: अमोनिया पाण्यात उतरतोय. वास यायची वाट बघू नका.

जनरेटर उघडणं, खरवडणारी पाती बदलणं, रेफ्रिजरंटचा दाब किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह हलवणं हे तुमचं काम नाही. चपटे पापुद्रे, जनरेटरच्या मोटरचा वाढलेला करंट किंवा आतून येणारा खरखरीत आवाज, यांतलं काहीही असेल तर जनरेटर बंद करून थांबा. तो तसाच चालवला तर पात्यासोबत सिलिंडरचा पृष्ठभागही जातो, आणि त्यापलीकडे रेफ्रिजरंट असतं.

पाइप कुठे फुगलेला, वाकलेला, तडकलेला दिसला. दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये बूच अडकलं आणि तिथला दाब सोडायला ड्रेन नाही. किंवा दोनदा कोमट पाणी फिरवूनही बूच हललं नाही, तर पुढे हात लावू नका. खाण्याच्या मालाच्या स्लरीत इथिलीन ग्लायकॉल किंवा तेल उतरल्याचा संशय असेल तर लाइन बंद आणि माल बाजूला. त्यावर निर्णय अन्नसुरक्षेच्या जबाबदार माणसाने घ्यायचा.

माणूस येईल तेव्हा त्याच्यापुढे वितळलेल्या नमुन्याचं मीठ, शून्य अंशांची तपासणी केलेल्या सेन्सरचं टाकीतलं तापमान, डब्याच्या चाचणीचं अंतिम तापमान, रिटर्नची बादली भरायला लागलेले सेकंद, पंपाचे अँपिअर मोकळ्या लाइनला आणि तुंबताना, आणि बर्फाचा मोजपट्टीसकट फोटो एवढं ठेवा. यातला मिठाचा आकडा दर आठवड्याला, नमुना घेतल्याच्या वेळेसह, पंपाशेजारच्या वहीत लिहीत राहा.